चौकटीत चिकटवलेली पंचवीस कार्डं

शुभा,

तुझ्या शोकसभेत ‘पॅशनेट’ हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला. सात जण बोलले, त्यांतल्या तिघांना तुझं आडनाव नीट उच्चारता येत नव्हतं, आणि एकानं तुला ‘भारत आणि जपान यांच्यातला पूल’ म्हटलं. हिंजवडीतली ती काचेची इमारत, पडद्यावर तुझा भाड्याच्या किमोनोतला फोटो, आणि मागच्या टेबलावर समोसे. शोकसभेला समोसे! अर्थात शोकसभा म्हणायचंच नव्हतं म्हणे, तुझ्या आयुष्याचं ‘सेलिब्रेशन’ होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं मला विचारलं, “आपण मॅडमच्या कोण?” मी म्हटलं, “शाळेत एका बाकावर बसायचो.” तिनं यादीत ‘बालमैत्रीण’ असं लिहिलं आणि दोन मिनिटं देऊ केली. मी नको म्हणाले. मला जे बोलायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं आणि समोशांबरोबर ऐकण्याजोगंही नव्हतं.

पूल म्हणे. पूल दोन्ही काठांना टेकलेला असतो. तू एका काठाला टेकली होतीस आणि दुसरा काठ आहे हे कुणाला कळू दिलं नाहीस.

फोटोशेजारी स्टँडवर ती फ्रेम ठेवली होती. ऐंशी सेंटिमीटर बाय साठ, पाच ओळी, प्रत्येकीत पाच, एकूण पंचवीस जुनी जपानी चित्रकार्डं. खाली छापील पट्टी: ‘शुभा मॅडमचं जपानशी बालपणापासूनचं नातं’. लोक जवळ जाऊन बघत होते. “व्हिंटेज आहेत ना?” “ओरिजिनल? वॉव.” एकानं फ्रेमसमोर उभं राहून स्वतःचाच फोटो काढून घेतला.

निघताना तुझे प्रकाशराव दारात भेटले. चार दिवसांत अर्धे झालेत. म्हणाले, “रत्नाताई, ही फ्रेम तुम्ही न्या. तुम्हालाच द्यायची असं तिनं बजावून ठेवलं होतं. आणि एक काम होतं. साचिकोला कळवायला हवं. हिची ती जपानी पेनफ्रेंड. मला काही सुचत नाही हो. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्ही लिहाल?”

मी हो म्हणाले. त्यांना काय सांगणार? तीस वर्षं साचिकोला पुण्यात एकच मैत्रीण आहे आणि तिचं नाव शुभांगी. ती गेल्याचं पत्र मी कोण म्हणून लिहायचं?

आता तुझ्या स्मरणशक्तीसाठी पहिल्यापासून सांगते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवायचं. सहावीत इंग्रजीच्या बाईंनी परदेशी पत्रमैत्रीचे फॉर्म आणले. मुली चव्वेचाळीस, फॉर्म बावीस. “बाकाला एक,” बाई म्हणाल्या, “आपसांत ठरवा, भांडू नका.” बाकीच्या बाकांवर एकीनं लिहायचं नि दुसरीनं रडायचं असं ठरलं. आपण ठरवलं की दोघींनी मिळून एकच मुलगी व्हायचं. अक्षर माझं चांगलं, म्हणून फॉर्म मी भरला. नाव आणि पत्ता तुझा घातला, कारण तुमच्या नारायण पेठेत पोस्टमन दिवसातून दोनदा यायचा. आमचं कात्रज तेव्हा गावच होतं. पत्र कधी यायचं, कधी किराणा दुकानात महिनाभर पडून राहायचं. निर्णय मी घेतला होता. त्याचा दोष मी तुला देत नाही. बाकीचे पुष्कळ आहेत.

साचिको आपल्याच वयाची. तिच्या आजोबांचं गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात यात्रेकरूंसाठी दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा न विकली गेलेली चित्रकार्डांची पेटी घरात राहिली, युद्धाच्या आधीची. ती आपल्याला त्यातलंच एकेक पाठवायची. हातानं रंगवलेले लाकडी पूल, बर्फातली छत्री, होडीतला म्हातारा. मागची बाजू रेघेनं दोन भागांत विभागलेली: काहींवर रेघ बरोबर मध्ये, फार जुन्या कार्डांवर मजकुराला जेमतेम तिसरा हिस्सा. त्या तिसऱ्या हिश्श्यात ती मुंगीएवढ्या इंग्रजीत आपलं सगळं गाव बसवायची. मी पट्टीनं मोजलं होतं, दोन मिलिमीटरचं अक्षर.

आपण आळीपाळीनं उत्तर लिहायचं. अक्षर सारखं दिसावं म्हणून मी i वर टिंबाऐवजी छोटं वर्तुळ काढायचे ते तूही काढायचं, असा नियम. तुझी वर्तुळं गारगोट्यांसारखी यायची. आलेली कार्डंही वाटून घ्यायची. विषम आकड्याची तुझी, सम माझी. हाही नियम तूच केलास, कारण पहिलं कार्ड तुला हवं होतं.

आणि तू काय काय लिहायचीस! ‘आमच्या घराजवळ सर्पोद्यान आहे, मी रोज नाग बघते.’ पत्ता नारायण पेठ, नाग कात्रजचे. मी म्हटलं, “अगं, नकाशा बघितला तर?” तू म्हणालीस, “रत्ने, जपानमधून कोण बघतंय!” खरं सांगायचं तर तुझीच पत्रं जास्त वाचनीय होती. माझ्या पत्रांत बस किती वाजता सुटते आणि स्वारगेटपासून शाळेपर्यंत पावलं किती, हेच असायचं. पावलं चार हजारांच्या आसपास. मंडईच्या गर्दीत मोजणी दर वेळी चुकायची.

पत्र लिहायला मी तुमच्याकडे यायचे. तुझी आई म्हणायची, “रत्ना, ये हो, पण आत नको येऊस, आत्ताच फरशी पुसलीय.” सहा वर्षं तुमच्या स्वयंपाकघरातली फरशी ओलीच होती. आम्ही नागपूरकडचे, बौद्ध, हे मी तुझ्या आईला कधी सांगितलं नव्हतं. तिनं आडनावावरून हिशेब केला होता. तू मात्र दर वेळी आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत यायचीस आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून जेवायचीस. आई आतून हाक मारायची, “शुभे, इथे बस ना गं.” तू म्हणायचीस, “इथे वारा येतो.” त्या खोलीला खिडकी नव्हती. हे मी विसरलेले नाही. तुझ्या नावावर काही जमा असेल तर ते हे.

मी एकदा पत्रात लिहिलं की आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि बाबा दूध डेअरीत कामाला जाताना तिच्यापुढे हात जोडून जातात. उत्तरादाखल सातवं कार्ड आलं. कामाकुराचा मोठा बुद्ध, उघड्या आकाशाखाली बसलेला, पायाशी किमोनोतल्या तीन बायका, बोटाएवढ्या. मी ते एका दिवसासाठी घरी नेलं. बाबांनी ते हातात धरून पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाले, “पोरी, याले काहून बाहेर बसवलं? पाऊस नाही लागत काय याले?” पुढच्या पत्रात मी साचिकोला हेच विचारलं. तिचं उत्तर आलं: ‘लागतो. तुझ्या वडिलांना सांग, तो भिजतो.’ बाबा त्या दिवशी इतके खूश झाले की डेअरीत सगळ्यांना सांगून आले.

मी ते सातवं कार्ड तुझ्याकडे मागितलं. सात हा आकडा विषम, ते तुझं, मान्य. बदल्यात माझी कोणतीही दोन देते म्हटलं. मग तीन म्हटलं. तू म्हणालीस, “सेट मोडतो गं.” सेट! बाबांच्या तसबिरीशेजारी खिळाही ठोकून झाला होता. तो खिळा आमच्या त्या घरात शेवटपर्यंत रिकामा राहिला.

बारावीनंतर पत्रं विरळ झाली आणि पंचविसावर थांबली. मग बाजार खुला झाला, शहरात जो तो काहीतरी नवं शिकायला लागला, आणि तू मला जपानीच्या क्लासला ओढून नेलंस. “रत्ने, पुढे जपानी येणाऱ्याला मरण नाही बघ.” पहिल्याच दिवशी सरांना दाखवायला म्हणून माझी बारा कार्डं घेऊन गेलीस. आठ दिवसांत देते म्हणालीस. मी सहा महिने शिकले, शेहेचाळीस अक्षरं आणि मोजणी. मग सातारा रस्त्यावरच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली आणि माझा जपानशी संबंध तिथल्या जपानी बनावटीच्या मायक्रोमीटरपुरता उरला. तो मात्र कधी खोटं बोलला नाही.

क्लास सोडायच्या सुमारास मी तुला विचारलं होतं, “कार्डांच्या तळाशी ती चार जपानी अक्षरं असतात बघ, ती काय असतात? लहानपणी आपण सही समजायचो.” तू म्हणालीस, “ते होय? ‘काळजी घे’ असं असतं.” मी विश्वास ठेवला. जपानीच्या चारही परीक्षा पास होणाऱ्या मुलीवर शेहेचाळीस अक्षरंवालीनं विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

तुझं म्हणणं मात्र खरं ठरलं. कंपन्या आल्या, हिंजवडीच्या शेतांत इमारती उगवल्या, आणि तू जपानी ग्राहकांची कागदपत्रं भाषांतरित करता करता ‘ब्रिज इंजिनियर’, म्हणजे ते ग्राहक आणि इथले इंजिनियर यांच्यातला दुवा, झालीस. पहिल्यांदा जपानला गेलीस तेव्हा साचिकोला शोधून काढलंस. परत आल्यावर थेट आमच्या कात्रजच्या फ्लॅटवर आलीस, हातात लाल चवळीच्या पुरणाची जपानी मिठाई, चपलाही नीट न काढता सोफ्यावर. आणि हसत हसत सांगायला लागलीस.

“अगं, तिला सगळं आठवतंय! मला म्हणाली, पावसात बुद्ध भिजतो का असं विचारणारे तुझे वडील कसे आहेत?”

“मग?”

“मग काय? म्हटलं, बरे आहेत.”

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तू अंत्ययात्रेला होतीस. आलेल्या लोकांना चहा तूच दिला होतास. मी म्हटलं, “शुभा, बाबा गेलेत.”

“अगं, मला माहीत नाही का? पण तिथे रेस्टॉरंटमध्ये बसून कुठे सगळी रामकहाणी सांगत बसू? फॉर्म, बाक, तू, मी... आणि मग ती म्हणाली असती, म्हणजे तू मला फसवलंस.”

“फसवलंच होतं. दोघींनी. ते सांगायचं होतंस.”

“तू ना, अशीच! मायक्रॉन मोजत बस.”

“माझे वडील तू वापरलेस,” मी म्हटलं. तू मिठाईचा डबा माझ्या पुढ्यात सरकवलास. मी तो उघडला नाही. मुंग्या लागल्यावर फेकला.

त्यानंतर तू आणखी चार वेळा गेलीस. दर वेळी मी विचारलं, “या वेळी सांगणार का?” दर वेळी तू म्हणालीस, “पुढच्या ट्रिपला नक्की.” आणि कार्डं मागितली की म्हणायचीस, “अगं, आहेत की सुखरूप.” सुखरूप म्हणजे काय ते तुझ्या बाणेरच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला कळलं. इंटिरियरवाल्यानं तुझी तेरा आणि माझी बारा एकत्र करून जाड पुठ्ठ्यावर चिकटवली होती. गोंदानं! चित्राची बाजू वर, लिहिलेली बाजू खाली, कायमची. मधोमध सातवं. तू पाहुण्यांना फिरवून दाखवत होतीस. मला तुझी इतकी किळस कधी आली नव्हती. तुझ्या घरचं पाणीही न पिता मी निघाले, आणि तू लिफ्टपर्यंत सोडायला आलीस.

तरीही दर महिन्याला आपण भेटत राहिलो, हे मला स्वतःलाच समजावून सांगता येत नाही.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत मी तुझ्या सलाइनचे थेंब मोजत होते, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं. तू म्हणालीस, “मिनिटाला किती?”

“अठ्ठावीस.”

“बरोबर आहे का?”

“नर्सला विचारते.”

“रत्ने, बस. फ्रेम तू घेऊन जा.”

“मला नको. भिंतीवर जागा नाही.”

“भिंतीवर लावायला नाही देत. उघड ती.”

मला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी फ्रेम टेबलावर आडवी ठेवली. आमचे हे म्हणाले, “इतकं घट्ट चिकटलंय तर राहू दे ना.” मी म्हटलं, “चिकटलंय म्हणूनच.” काच काढली. कारखान्यातून निवृत्त झालेलं एक फीलर गेज माझ्याकडे आहे, फटी मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. त्यातलं सगळ्यांत पातळ पातं, मिलिमीटरचा विसावा भाग. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कार्डावर दहा मिनिटं ठेवायचं आणि पातं कोपऱ्यातून सरकवायचं. पहिलं कार्ड सुटायला पाऊण तास लागला. इंटिरियरवाल्यानं गोंद चार कोपऱ्यांना आणि मध्ये ठिपक्यासारखा लावला होता, म्हणून मजकूर शाबूत राहिला. पुढे हात बसला. तीन दिवसांत पंचवीसही सुटली. दोन कार्डांचे कोपरे फाटले, ती माझी चूक.

पहिल्या सहा कार्डांच्या तळाशी काही नाही. सातव्यापासून ती चार अक्षरं. मी चष्मा लावून एकेक जुळवलं. फु. ता. री. आणि शेवटी ‘ला’ या अर्थाचं एक.

मला त्या भाषेतलं बाकी काही आठवत नाही, शुभा, पण मोजणी आठवते. माणसं मोजायची वेगळी रीत असते त्यांची, आपण एकाच दिवशी शिकलो. हितोरी, एक जण. फुतारी, दोघं.

दोघींना.

सातव्यापासून पंचविसाव्यापर्यंत, एकोणीस वेळा. तिला ठाऊक होतं. तुझ्या गारगोट्या आणि माझी वर्तुळं, नारायण पेठ आणि नाग, तिनं सहा पत्रांतच आपल्याला पकडलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त मोजून लिहीत राहिली. आणि तू हे क्लासमध्येच वाचलंस. वाचून मला ‘काळजी घे’ सांगितलंस.

जन्मभर जपानी ग्राहकांच्या कागदातलं एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाहीस म्हणून अकरा वेळा पॅशनेट ठरलीस, आणि चार अक्षरांचं एक भाषांतर तुला खरं करता आलं नाही. नाव तुझं होतं, पत्ता तुझा, भाषाही तुझीच झाली. माझी निम्मी साचिको होती. तेवढीही तुला सुटली नाही. भित्री होतीस, लोभी होतीस, आणि आपण पकडले गेलोय हे कळल्यावरही तू पाच वेळा तिच्यासमोर बसून एकटीच असल्याचं नाटक केलंस. तिनं बाबांची चौकशी केली ना, ती तुला दार उघडून दिलं होतं. तू म्हणालीस, बरे आहेत. तिनं मान लववली असेल आणि चहा ओतला असेल. तिचा संयम आठवला की मला तुझी आणखी लाज वाटते.

पण तू म्हणालीस, “उघड ती.” तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मरताना काम मला लावलंस, तेही ओल्या फडक्याचं आणि तीन दिवसांचं. तुझी रीतच ती, अवघड पत्र आलं की म्हणायचीस, “रत्ने, या वेळी तू लिही.” यावर मला भरून यावं अशी तुझी अपेक्षा असेल तर आलं, पण तुझी बाजू धरून नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवते. साचिकोचा पत्ता मला सुरुवातीपासून पाठ होता. मी कधीही एक कार्ड टाकू शकले असते. रागावले तुझ्यावर आणि बोलले नाही तिच्याशी. बाबा गेल्याचं तिला कळलं नाही, त्यात अर्धा वाटा माझा आहे.

काल पोस्टातून साधं कार्ड आणलं. मागे रेघ मारली, मजकुराला तिसराच हिस्सा ठेवला, म्हणजे रडायला जागा राहत नाही. इंग्रजीत लिहिलं: ‘शुभांगी गेली. पावसाबद्दल विचारणारे माझे वडील होते, तेही गेले, त्याला पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ते सांगायचे, तो भिजतो. वर्तुळं काढणारी मी.’ सगळ्या i वर वर्तुळं काढली. पाठवणाऱ्याच्या जागी पहिल्यांदा माझं नाव आणि कात्रजचा पत्ता घातला. इथे आता पोस्टमन रोज येतो.

सातवं कार्ड बाबांच्या तसबिरीशेजारी लावलंय. या घरात खिळा नवा ठोकावा लागला.

तळाशी सही करायची होती. हितोरी लिहायला पेन टेकवलं. एकटी, खरा आकडा तोच आहे. तपासणी विभागात नोकरीला लागल्यापासून मी कोणत्याही कागदावर जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिलेला नाही, आणि तुझ्यासाठी तर मुळीच लिहिला नसता.

मी फुतारी लिहिलं, आणि आज सकाळी कार्ड पेटीत टाकून आले. मोजणी चुकलेली आहे, मला माहीत आहे. दुरुस्त करणार नाही.